स्मृती, अनुमान आणि अवधान: स्पेलिंग बीच्या तयारीचा तात्त्विक विचार

इंग्रजी शब्द ऐकून त्यातील अक्षरे क्रमाने आणि तोंडी सांगण्याची जी शालेय स्पर्धा अमेरिकेत ‘स्पेलिंग बी’ या नावाने रूढ आहे, तिच्याविषयी मराठी वाचकांच्या मनात साधारणपणे दोन भावना एकाच वेळी वसत असतात. भारतीय वंशाची मुले ही स्पर्धा वारंवार जिंकतात याचे कौतुक असते, आणि ही सगळी घोकंपट्टी आहे, शब्दकोश पाठ करून मुलाच्या हाती शेवटी काय लागणार, अशी शंकाही असते. या दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. व्यासपीठावर उभ्या असलेल्या मुलाने एखाद्या अवघड शब्दाचे स्पेलिंग बरोबर सांगितले, तेव्हा त्याला नेमके काय ज्ञात झालेले असते, आणि ते ज्या मार्गाने ज्ञात झाले त्या मार्गाचा त्याच्या घडणीशी कोणता संबंध असतो, हा तो प्रश्न होय. ज्ञान कोणत्या साधनांनी होते आणि त्यातले खरे ज्ञान कोणते मानावे याचा विचार करणाऱ्या प्रमाणशास्त्राचा हा प्रश्न आहे. भारतीय परंपरेत तो ज्या बारकाईने चर्चिला गेला, ती बारकाई या स्पर्धेच्या तयारीला थेट उपयोगी पडणारी आहे.

स्पर्धेची रचना आधी स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचा विचार तिच्यावरच उभा आहे. केंटकी राज्यातील लुइव्हिल येथील वृत्तपत्राच्या पुढाकाराने नऊ वृत्तपत्रांनी मिळून 1925 मध्ये राष्ट्रीय स्पेलिंग बी सुरू केली, आणि 1941 पासून ती स्क्रिप्स या वृत्तपत्रसमूहाकडे आहे. आठवीच्या पुढे न गेलेल्या विद्यार्थ्यांना तीत भाग घेता येतो. शाळेला शरद ऋतूत, म्हणजे शैक्षणिक वर्षाच्या आरंभी, आपली नोंदणी करावी लागते. त्यानंतर शाळेला इयत्तावार शब्दयादी मिळते, वर्गातून आणि शाळेतून एक विजेता निवडला जातो, तो प्रादेशिक फेरीत जातो, आणि तेथे जिंकणारा वसंताच्या अखेरीस राष्ट्रीय फेरीत उभा राहतो. शब्द उच्चारला गेल्यावर स्पर्धकाला तो पुन्हा ऐकता येतो, त्याची व्याख्या, व्याकरणातील जात, मूळ भाषा, पर्यायी उच्चार आणि वाक्यातील उपयोग विचारता येतो. स्पेलिंग सुरू केल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करण्याची मुभा असते, परंतु एकदा उच्चारलेली अक्षरे बदलता येत नाहीत. चूक झाली की घंटा वाजते. बरोबर काय आणि चूक काय याचा अंतिम निर्णय मेरियम-वेबस्टरच्या बृहत् शब्दकोशानुसार होतो, आणि त्या कोशाच्या 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीतच साडेचार लाखांहून अधिक नोंदी आहेत.

आता असे कल्पावे की तीन मुलांना एकच शब्द दिला आणि तिघांनीही त्याचे स्पेलिंग बरोबर सांगितले. पहिल्याने तो शब्द यादीत वाचला होता आणि त्याला तो आठवला. दुसऱ्याने तो कधी पाहिलेला नव्हता. त्याने मूळ भाषा विचारली, ती ग्रीक असल्याचे कळल्यावर ‘फ’ हा ध्वनी ग्रीक शब्दांत पी आणि एच या जोडीने लिहिला जातो आणि शब्दामधला ‘इ’ अनेकदा वाय या अक्षराने लिहिला जातो हे ध्यानात घेतले, आणि त्यावरून उत्तर काढले. तिसऱ्याला काहीच ठाऊक नव्हते, त्याने अंदाज बांधला आणि तो खरा ठरला. परीक्षकांच्या दृष्टीने तिन्ही उत्तरे समान आहेत, घंटा एकाही वेळी वाजत नाही. न्यायदर्शनाच्या दृष्टीने मात्र या तीन अगदी निराळ्या घटना आहेत. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, म्हणजे न्यायशास्त्रात प्रवेश करणारा विद्यार्थी आजही जो ग्रंथ पहिल्यांदा हाती घेतो त्यात, बुद्धीचे स्मृती आणि अनुभव असे दोन भाग केले आहेत. केवळ पूर्वीच्या संस्कारातून उमटते ती स्मृती, आणि तिच्याहून वेगळा तो अनुभव. प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, ही संज्ञा अनुभवालाच लागू होते. स्मृती खोटी असते असा याचा अर्थ नाही. ती पूर्वी झालेल्या ज्ञानावर अवलंबून असते, नवे काही प्रकट करत नाही, म्हणून तिला स्वतंत्र प्रमाणाचा मान दिलेला नाही. दुसऱ्या मुलाचे उत्तर हे अनुमान आहे: त्याच्याकडे लिंग, म्हणजे खूण आहे, व्याप्ती, म्हणजे खूण आणि साध्य यांच्या नियत साहचर्याचे ज्ञान आहे, आणि त्यातून न पाहिलेली गोष्ट त्याने सिद्ध केली आहे. तिसऱ्या मुलाच्या उत्तराचा विचार बाराव्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्य या ग्रंथात केलेला आहे. मिटलेल्या मुठीत किती कवड्या आहेत असे विचारल्यावर कोणी सहज ‘पाच’ म्हणावे आणि खरोखर पाचच निघाव्यात, तर उत्तर खरे असूनही त्याला ज्ञान म्हणता येईल का, असा पेच घालून त्याने ज्ञानाच्या प्रचलित लक्षणांनाच आव्हान दिले.

स्पर्धेचा निकाल या तीन अवस्थांत भेद करू शकत नाही, आणि करावा अशी अपेक्षाही योग्य नाही, कारण बाहेरून ऐकणाऱ्याला आतल्या क्रियेचा पुरावा मिळत नाही. पण स्वतः त्या मुलाला हा भेद पूर्णपणे कळतो. आपल्याला आठवले, आपण काढले, की आपले सुदैव होते, हे त्याच्याइतके निश्चित दुसरे कोणी सांगू शकत नाही. म्हणून तयारीचा पहिला नियम असा सांगता येतो की सरावाच्या वेळी प्रत्येक बरोबर उत्तरापुढेही ते कोणत्या प्रकाराने आले याची खूण मुलाने स्वतः करावी, आणि सुदैवाने साधलेला शब्द चुकलेल्या शब्दांच्या वहीत लिहावा. पालकांना हे जाचक वाटेल, परंतु जे आपल्याला ठाऊक नव्हते ते ठाऊक होते असे न मानण्याची सवय दहाव्या-बाराव्या वर्षी लागणे ही या स्पर्धेची मोठी देणगी ठरू शकते, आणि ती मिळण्यासाठी पदक मिळवावे लागत नाही.

स्मृती आणि अनुमान यांच्यातील निवड ही केवळ तात्त्विक नाही, ती वेळेच्या हिशेबाचीही आहे, आणि तो हिशेब वैयाकरण पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, पस्पशाह्निकात, फार स्पष्टपणे मांडलेला आहे. शब्दांचे ज्ञान करून घ्यायचे तर एकेक शब्द घेऊन तो पाठ करावा काय, असा प्रश्न उपस्थित करून पतंजली एक आख्यायिका सांगतो. देवांचा गुरू बृहस्पती शिकवणारा होता, इंद्र शिकणारा होता आणि देवांच्या कालमानाची हजार वर्षे अध्ययनाला होती, तरीही एकेक शब्द उच्चारून केलेले पारायण संपले नाही. मग जेमतेम शंभर वर्षे जगणाऱ्या माणसाची काय कथा. यातून तो जो मार्ग काढतो तो उत्सर्ग आणि अपवाद यांचा आहे. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, अपवाद म्हणजे विशिष्ट ठिकाणी त्याला बाध आणणारा नियम. या दोहोंच्या साहाय्याने अल्प प्रयत्नात शब्दांचा मोठा समूह हाती येतो. साडेचार लाख नोंदींच्या कोशासमोर उभ्या राहिलेल्या बारा वर्षांच्या मुलाची स्थिती इंद्राहून बिकट आहे, आणि त्याला सुचवण्याजोगा उपायही हाच आहे.

प्रत्यक्षात याची मांडणी अशी करता येते. आयोजकांनी प्रसिद्ध केलेली चार हजार शब्दांची, तीन काठिण्यपातळ्यांत विभागलेली यादी प्रथम पूर्ण करावी, कारण शालेय आणि प्रादेशिक फेऱ्यांसाठी तिचाच आधार घेतला जातो; मात्र ती वर्णानुक्रमाने न वाचता मूळ भाषेनुसार गट पाडून वाचावी. सी आणि एच ही जोडी ग्रीकमधून आलेल्या शब्दांत ‘क’ असा उच्चार घेते, अलीकडच्या काळात फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत ‘श’ असा घेते आणि मूळ इंग्रजी शब्दांत ‘च’ असा घेते, हे एकदा गटांतून दिसले की शेकडो शब्द आपोआप व्यवस्थित होतात. त्यानंतर लॅटिन आणि ग्रीक धातू, उपसर्ग आणि प्रत्यय, मग जर्मन, इटालियन, स्पॅनिश, जपानी, अरबी अशा भाषांच्या लेखनसवयी, आणि प्रत्येक सवयीसोबत तिचे अपवाद वेगळ्या वहीत. अनुमानात व्यभिचार, म्हणजे खूण असूनही साध्य नसणे, हा दोष मानला जातो, आणि इंग्रजीत तो पदोपदी भेटतो. मराठी घरातील मुलासाठी त्याचे जवळचे उदाहरण मुंगुसाचे आहे. हा शब्द इंग्रजीत मराठीतूनच गेला, पण जाताना त्याचे शेवटचे अवयव हंसवाचक इंग्रजी शब्दासारखे लिहिले जाऊ लागले, त्यामुळे मूळ भाषा स्वतःची असूनही केवळ तिच्या आधाराने स्पेलिंग काढू गेलेले मूल फसते. अशा शब्दांशी नियमाने झगडण्यात अर्थ नाही. ते स्मृतीच्याच हवाली करावे लागतात. स्मृतीला दुय्यम ठरवणारे न्यायदर्शनही तिला निरुपयोगी म्हणत नाही, कारण व्याप्तीसुद्धा आठवावीच लागते.

पाठांतराविषयीचा दुसरा वाद अर्थाचा आहे आणि तो अधिक जुना आहे. यास्काने निरुक्तात कौत्स नावाच्या आचार्याचे मत नोंदवले आहे, ते असे की वेदमंत्र अर्थरहित आहेत. त्यांचे शब्द आणि शब्दांचा क्रम ठरलेले आहेत, त्यांचा उच्चार हेच त्यांचे कार्य आहे. यास्काने या मताचे खंडन केले, आणि अर्थ न जाणता वेद पाठ करणारा हा भार वाहणाऱ्या खांबासारखा आहे असा कठोर अभिप्रायही त्याच्या ग्रंथात आला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांतही याच पूर्वपक्षाची सविस्तर चर्चा होऊन मंत्रांना अर्थ असल्याचा निर्णय दिलेला आहे. महाराष्ट्रात हा वाद केवळ पंडितांपुरता राहिला नाही. वेदांचा अर्थ जाणणारे आणि त्यांचे ओझे वाहणारे यांच्यातला भेद तुकारामांच्या अभंगातून वारकऱ्यांच्या मुखी पोचला. स्पेलिंग बीवरील ‘अर्थ न समजता घोकणे’ हा आक्षेप या परंपरेचा आधार सहज घेऊ शकतो.

परंतु येथे घाई करणे योग्य नाही. पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धतींनी वेदांचे रक्षण करणाऱ्या पाठकाच्या कार्यात अर्थज्ञान गौण असले तरी त्या कार्याचे मोल कमी होत नाही. शब्द पुढे-मागे गुंफून म्हणण्याच्या त्या कठीण पद्धतींमुळे एकही अक्षर न गळता संहिता पिढ्यान्‌पिढ्या टिकली, आणि युनेस्कोने 2003 मध्ये या पठणपरंपरेचा मानवजातीच्या मौखिक वारशात गौरवाने समावेश केला. तेथे पाठकाचा कंठ हेच ग्रंथाचे निवासस्थान होते. त्याची स्मृती गेली असती तर ग्रंथ गेला असता. पतंजलीने व्याकरणाची जी प्रयोजने सांगितली त्यांत रक्षा, म्हणजे वेदाचे रक्षण, हे पहिले आहे. स्पेलिंग बीतील मूल असे काहीही राखत नाही, कारण कोश छापलेला आहे आणि मूल एखादा शब्द विसरले तरी तो जगातून नाहीसा होत नाही. म्हणून रक्षणाच्या नावाने अर्थरहित पाठांतराला जे समर्थन वेदपाठकाच्या बाबतीत मिळते ते या मुलाला मिळू शकत नाही. त्याच्या श्रमांचे मोल त्याच्या स्वतःच्या समजुतीतच शोधावे लागते, आणि समजूत अर्थावाचून संभवत नाही. आयोजकांनीही ही दिशा ओळखलेली दिसते. 2013 पासून लेखी परीक्षेत शब्दार्थाचे प्रश्न आले आणि 2021 पासून व्यासपीठावरच अर्थ विचारणारी फेरी सुरू झाली. आज शब्द पाठ करणाऱ्या मुलाने प्रत्येक शब्दासोबत त्याचा अर्थ आणि एक स्वतःचे वाक्य लिहिणे हे नियमांच्या दृष्टीनेही आवश्यक झाले आहे, आणि नसते झाले तरी ते आवश्यकच होते.

आणखी एक प्रश्न येथे उभा राहतो, तो प्रामाण्याचा. एखादे स्पेलिंग ‘बरोबर’ का? मीमांसकांच्या मते शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, नैयायिकांच्या मते तो संकेताने ठरलेला आहे. अक्षरांच्या बाबतीत मात्र संकेतावाचून दुसरा पक्ष संभवतच नाही. ऋण या अर्थाच्या इंग्रजी शब्दात उच्चारात नसलेला ‘बी’ लॅटिनप्रेमी विद्वानांनी मागाहून घातला, आणि बेट या अर्थाच्या शब्दात ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीमुळे शिरला. नोआ वेबस्टरने अमेरिकी राष्ट्राची भाषिक एकता साधावी म्हणून 1783 मध्ये शालेय वर्णपुस्तक आणि 1828 मध्ये मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याने सुचवलेली काही सुटसुटीत रूपे लोकांनी स्वीकारली, काही साफ नाकारली. तरीही या संकेताच्या मागे धर्मभावनेचे बळ होते हे विसरता येत नाही. मॅसॅच्युसेट्समधील प्युरिटन वसाहतीने 1647 मध्ये केलेल्या कायद्यानुसार पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला लेखनवाचन शिकवणारा शिक्षक नेमणे बंधनकारक होते, आणि कायद्याने दिलेले कारण असे होते की सैतान माणसांना धर्मग्रंथाच्या ज्ञानापासून दूर ठेवू पाहतो. अक्षरओळख हा तारणाचा मार्ग मानणाऱ्या या प्रदेशातच पुढे शाळाशाळांतून स्पेलिंगचे सामने रुजले. मराठी वाचकाला संकेताची ही घडण अपरिचित वाटू नये. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम 1962 मध्ये शासनमान्य झाले तेव्हा व्युत्पत्तीने आलेले अनेक अनुस्वार गळाले, आणि त्याआधीच्या पिढीने जे शुद्ध म्हणून गिरवले ते नव्या पिढीला लिहावे लागले नाही. संकेत हा संकेत आहे हे जाणूनही तो काटेकोरपणे पाळणे, ही सामाजिक जीवनातली एक प्रौढ वृत्ती आहे. ज्या मुलाला ‘बी’ कसा आला ते सांगितले जाते आणि तरीही तो लिहायला शिकवले जाते, त्याला अंधश्रद्धा आणि बेपर्वाई या दोहोंपासून दूर राहण्याचा वस्तुपाठ मिळतो.

या सर्वांहून महत्त्वाचा विषय अवधानाचा, म्हणजे मन एका गोष्टीवर स्थिर ठेवून ती जशी आहे तशी येऊ देण्याच्या शक्तीचा आहे. फ्रेंच तत्त्वचिंतक सिमोन वेल हिने 1942 मध्ये शालेय अभ्यास आणि ईश्वरप्रेम यांच्या संबंधावर एक निबंध लिहिला, जो तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. संस्कृत शिकून भगवद्गीता मुळातून वाचणाऱ्या या विदुषीचे प्रतिपादन असे आहे की प्रार्थना ही अवधानाचीच पराकोटी आहे, आणि म्हणून भूमितीचा एखादा प्रश्न सोडवताना केलेला अवधानाचा अभ्यास, उत्तर न सापडले तरी, वाया जात नाही. तो माणसाला त्याच्या नकळत प्रार्थनेसाठी तयार करतो. तिने त्यासाठी दोन अटी घातल्या. अभ्यास करताना गुणांची, यशाची इच्छा मनात नसावी. आणि चुकलेल्या प्रत्येक गोष्टीकडे, ती टाळण्याचा मोह होत असला तरी, थांबून, स्थिरपणे पाहावे. पहिली अट गीतेच्या वाचकाला ओळखीची वाटेल. दुसरी अट अधिक अवघड आहे, कारण चूक झाल्यावर मुलाला तो शब्द पुन्हा पाहावासाही वाटत नाही.

स्पर्धेतील एक प्रसंग हे अवधानाचे तत्त्व उघड करून दाखवतो. 2025 च्या अंतिम फेरीत तीन स्पर्धक उरले असता दोघांचे शब्द चुकले, आणि तिसऱ्याच्या हाती विजेतेपद जवळजवळ आलेले असताना त्याने आपला शब्द ऐकताच, व्याख्या किंवा मूळ भाषा काहीही न विचारता, घाईने अक्षरे सांगायला सुरुवात केली आणि तो चुकला. तिघेही चुकल्याने फेरी पुढे चालू राहिली आणि अखेर तोच विजयी झाला, परंतु त्या क्षणी त्याला दगा दिला तो अज्ञानाने नव्हे, अवधान सुटल्याने. म्हणून ओळखीचा शब्द आला तरी अर्थ आणि मूळ भाषा विचारण्याची शिस्त घरच्या सरावापासूनच लावावी. शब्द ऐकल्यावर तो मुलाने स्वतः एकदा उच्चारावा, परीक्षकाने मान्य केलेला उच्चार आणि आपण ऐकलेला उच्चार जुळतो का हे पाहावे, मगच पहिले अक्षर सांगावे. दिवसाचा सराव थोडा असावा पण अखंड असावा. थकलेल्या मुलाला तासन्‌तास बसवून शब्द विचारण्याने अवधान वाढत नाही, ते बोथट होते. आठवड्यातून एक दिवस केवळ चुकांच्या वहीसाठी ठेवावा, आणि त्या दिवशी प्रत्येक चुकीपुढे तिचे कारण लिहावे: ऐकण्यात चूक, भाषा ओळखण्यात चूक, नियम ठाऊक असून अपवाद विसरणे, की निव्वळ घाई. वैदिक परंपरेत स्वराच्या एका चुकीने त्वष्ट्याच्या यज्ञाचे फळ उलटून इंद्राचा घात करण्याऐवजी वृत्राचाच घात झाला अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. मुलांच्या स्पर्धेत असे काही पणाला लागलेले नसते, घंटेने फक्त त्या दिवसाचा क्रम संपतो. हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, कारण अनेक मुले त्या घंटेला त्वष्ट्याच्या यज्ञाइतकीच भितात.

भीतीचे मूळ जिंकण्या-हरण्याच्या कल्पनेत आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्यनिर्णयासाठी केलेला वाद, विजयासाठी केलेला जल्प, आणि स्वतःचे मत न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडण्यासाठी केलेली वितंडा. स्पेलिंग बी वरवर पाहता विजयासाठी असल्याने जल्पाच्या जवळची वाटते, पण तिच्यात प्रतिपक्षाचे खंडन नसते. एका मुलाच्या बरोबर उत्तराने दुसऱ्याचे उत्तर चूक ठरत नाही. प्रत्येक जण शब्दकोशासमोर एकटा उभा असतो, आणि शेजारचा स्पर्धक तोच अभ्यास करणारा सोबती असतो. 2019 मध्ये हे विलक्षण रीतीने प्रकट झाले. अंतिम फेरीत आठ मुले उरली, आयोजकांकडील कठीण शब्दही त्यांना हरवू शकले नाहीत, आणि आठही जणांना विजेते घोषित करण्यात आले. त्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. या निकालानंतर बरोबरी सोडवण्यासाठी 90 सेकंदांत जास्तीत जास्त शब्द सांगण्याची जलद फेरी नियमांत आली, 2022 मध्ये ती प्रथम वापरली गेली, आणि 2024 च्या विजेत्याने तीत 29 शब्द बरोबर सांगितले. ते कौशल्य निःसंशय थोर आहे. तथापि विद्येच्या स्वरूपाशी अधिक प्रामाणिक होता तो 2019 चा निकालच, असे म्हणणे भाग आहे. आठ जणांना एकच गोष्ट खरोखर ठाऊक असेल तर त्यांच्यापैकी एकालाच ती ठाऊक होती असे दाखवण्यासाठी घड्याळाची मदत घेणे हे ज्ञानाचे मोजमाप नाही, वेगाचे आहे. आणि ज्या क्षणी प्रश्न विचारण्याची, थांबून विचार करण्याची सवड काढून घेतली जाते, त्या क्षणी अनुमानाला वाव उरत नाही आणि स्मृतीच तेवढी शिल्लक राहते.

शब्दकोश सर्वांना समान असतो, व्यासपीठ मात्र नेहमीच तसे नव्हते. ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथील मॅकनोलिया कॉक्स ही तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी 1936 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या पाचांत पोचली. वॉशिंग्टनच्या प्रवासात तिला वर्णभेदाच्या नियमांमुळे वेगळ्या डब्यात बसावे लागले होते, आणि स्पर्धेत तिला दिलेला शब्द ‘नेमेसिस’ हा होता, जो मूळचा ग्रीक देवतेचे नाव असल्याने नियमांनुसार वर्ज्य आहे असा आक्षेप तिच्या बाजूने घेतला गेला, पण मानला गेला नाही. आजची विषमता वेगळ्या रूपाची आहे. खाजगी मार्गदर्शक, प्रवास, सरावस्पर्धा यांचा खर्च सर्वांना परवडत नाही. 1989 मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या स्पर्धांतून भारतीय वंशाच्या अनेक मुलांना सराव मिळतो आणि ती संस्था भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही देते. परंतु ज्या वस्तीत अशी संस्था नाही तेथील मुलासाठी शाळेचे ग्रंथालय, एक चांगला कोश आणि शब्द विचारायला तयार असलेला एक शिक्षक यांची सोय करणे हे शाळेचे कर्तव्य ठरते. तेवढ्यानेही पुष्कळ दूर जाता येते.

आठवीनंतर ही स्पर्धा प्रत्येकासाठी संपते, आणि पाठ केलेल्या शब्दांतील बहुतेक विसरलेही जातात. नैयायिकांच्या मते संस्कार मात्र सुप्तपणे राहतो आणि योग्य उद्बोधक, म्हणजे त्याला जागे करणारे निमित्त, मिळाले की पुन्हा स्मृतिरूपाने उठतो. 1985 मध्ये ही स्पर्धा जिंकणारा भारतीय वंशाचा पहिला विद्यार्थी बालू नटराजन पुढे डॉक्टर झाला. ग्रीक आणि लॅटिन शब्दावयवांनी भरलेल्या वैद्यकशास्त्रात असे संस्कार रोज जागे होण्याची संधी असते. पण प्रत्येक मुलाला हे लागू पडेलच असे नाही, आणि म्हणून शास्त्रग्रंथांच्या आरंभी जो प्रश्न विचारला जातो तो येथेही विचारावा लागतो: अधिकारी कोण, म्हणजे हा अभ्यास कोणासाठी? वेदान्ताच्या विचारात जिज्ञासेला आरंभीच स्थान आहे. नवा शब्द दिसला की जे मूल तो कुठून आला असे आपणहून विचारते, पाट्या आणि वेष्टने वाचत चालते, कोश उघडल्यावर शोधायच्या शब्दाऐवजी शेजारच्याच शब्दात रमते, ते या अभ्यासाचे अधिकारी आहे, मग त्याची स्मरणशक्ती मध्यम का असेना. शाळेची नोंदणी शरदात होत असल्याने शिक्षकांनी आणि पालकांनी हे निरीक्षण त्याआधीच्या उन्हाळ्यातच करावे, मुलाला एखादी स्पर्धा प्रेक्षक म्हणून दाखवावी, आणि अर्ज भरण्यापूर्वी त्याचे स्वतःचे मत विचारावे. नको असे उत्तर आले तर तो कोश घरात तसाच उघडा राहू द्यावा.